चुकलेल्या अंदाजाचा भुर्दंड

धान्य, साखर, रॉकेल यांच्या टंचाईचा इतिहास सरकारी अहवालांत आणि अर्थशास्त्राच्या ग्रंथांत सविस्तर नोंदलेला असतो. परंतु जिच्यावाचून कोणाच्याही घरची चूल विझत नाही अशा निव्वळ करमणुकीच्या वस्तूची टंचाई पडली, तर तिची दखल घेण्यास विद्वान सहसा धजत नाहीत, आणि त्यामुळे बाजाराच्या व्यवहारातील काही फार उद्बोधक प्रकार उपेक्षित राहतात. वास्तविक पोटाचा प्रश्न बाजूला ठेवला म्हणजे मागणी, पुरवठा, किंमत आणि न्याय या चार गोष्टींचे परस्परसंबंध अधिक स्वच्छ दिसू लागतात. निन्टेन्डो या जपानी कंपनीने २०१६ व २०१७ साली आपली जुनी व्हिडिओ गेमची यंत्रे लहान आकारात पुन्हा बाजारात आणली, तेव्हा पदरी पैसे असूनही असंख्य गिऱ्हाइकांना ती का मिळाली नाहीत, आणि त्यांच्या संतापाला कितपत आधार होता, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

मूळ यंत्राची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. क्योतो शहरातील या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झालेला ‘फॅमिकॉम’ जपानात विक्रीस काढला, आणि १९८५ साली त्याचेच रूपांतर ‘निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम’ या नावाने अमेरिकेत नेले. अवघी दोन किलोबाइट कार्यस्मृती असलेल्या या यंत्राचे जगभर सुमारे ६ कोटी १९ लक्ष नग विकले गेले. आपल्याकडे ते बहुतांशी मूळ स्वरूपात आलेच नाही. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत दूरदर्शन संचाला जोडला जाणारा जो ‘टीव्ही गेम’ सुट्टीच्या दुपारी भावंडांत भांडणे लावीत असे, तो ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी खपणारा त्याचा नकली अवतार होता, आणि त्यात घालावयाच्या काडतुसाला आपण सर्वजण बिनदिक्कत ‘कॅसेट’ म्हणत होतो. तथापि ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ ही नावे आज चाळिशीकडे झुकलेल्या मराठी माणसाला जितकी परिचित आहेत, तितकीच ती त्याच वयाच्या अमेरिकन माणसालाही आहेत, आणि पुढील सर्व प्रकरणाचे मूळ या समवयस्कतेतच आहे.

कारण १९८६ साली आठ वर्षांचा असलेला मुलगा २०१६ साली अडतीस वर्षांचा झालेला होता. त्याच्यापाशी नोकरी होती, पैसा होता, आणि बालपणाकडे वळून पाहण्यास लागणारे अंतरही होते. जुलै २०१६ मध्ये निन्टेन्डोने जाहीर केले की, तळहातावर मावेल एवढ्या आकाराची त्या यंत्राची प्रतिकृती, आत तीस खेळ कायमचे भरून, अमेरिकेत ६० डॉलरला एक सेंट कमी अशा किमतीस ११ नोव्हेंबरपासून मिळेल. तिच्यात नवे काडतूस घालण्याची सोय नव्हती, आंतरजालावरून खेळ उतरवून घेण्याची तजवीज नव्हती, हातातल्या नियंत्रकाची तार गैरसोयीची वाटावी इतकी आखूड होती, आणि आपल्याकडच्या मुलांना मुखोद्गत असलेला ‘कॉन्ट्रा’ही नव्हता, त्याचा उत्तरभाग ‘सुपर सी’ तेवढा होता. एवढी सर्व न्यूने असूनही विक्रीच्या दिवशी दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागल्या, अनेक शाखांत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच नग आलेले निघाले, आणि ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर ठरलेल्या घटकेस विक्री उघडताच पृष्ठ कोलमडून सर्व साठा संपला. एनपीडी या बाजार-पाहणी संस्थेच्या हिशेबाप्रमाणे नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत १ लक्ष ९६ हजार नग विकले गेले. लिलावाच्या संकेतस्थळांवर तीच वस्तू दोनशे डॉलर व त्याहून अधिक किमतीस उघडउघड विकली जाऊ लागली. आणि मागणी अशी शिगेस पोचलेली असतानाच एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने उत्तर अमेरिकेतील पुरवठा बंद करण्याचे फर्मान काढले. हे यंत्र दीर्घकाळ चालू ठेवण्याचा आमचा मानसच नव्हता, उलट लोकांच्या आग्रहास्तव मूळ योजनेपेक्षा अधिक नग आम्ही पाठविले, अशी तिची कैफियत होती. तोवर जगभर सुमारे २३ लक्ष नग खपले होते.

गिऱ्हाइकांनी या सर्व घटनाक्रमाचा जो अर्थ लावला तो स्वाभाविक होता: टंचाई कृत्रिम आहे, वस्तू मुद्दाम अडवून धरली आहे, हा जाहिरातीचा एक कावा आहे. या संशयाला पूर्वेतिहासाचे पाठबळही होते. १९८८ साली स्मृतिचिपांचा तुटवडा पडून नवे खेळ वेळेवर बाजारात येईनासे झाले, तेव्हाही कंपनी पुरवठा हेतुपुरस्सर आवळून धरते असा आरोप झाला होता. २१ नोव्हेंबर १९९० रोजी ‘सुपर फॅमिकॉम’ जपानात आला, त्या वेळी पहिले तीन लक्ष नग काही तासांत संपले. २००६ च्या नोव्हेंबरात आलेला ‘वी’ हा कन्सोल तर वर्ष उलटले तरी दुकानांत सुखासुखी मिळत नव्हता. डिसेंबर २००७ मध्ये नाताळच्या भेटीसाठी आलेल्या पालकांना यंत्राऐवजी, पैसे भरून घेऊन, पुढील महिन्यात यंत्र देण्याच्या हमीचा कागद देण्याची पाळी अमेरिकन दुकानदारांवर आली होती. एकाच घराण्यात वारंवार तोच प्रकार घडला तर लोक त्याला योगायोग मानीत नाहीत, हे उघड आहे. परंतु संशय स्वाभाविक असणे निराळे आणि तो सिद्ध होणे निराळे. सबब कट मानण्यापूर्वी उत्पादकाच्या जागी बसून त्याची खतावणी एकदा तपासून पाहणे उचित ठरेल.

अर्थशास्त्रात ‘वृत्तपत्र-विक्रेत्याचा प्रश्न’ या नावाने ओळखले जाणारे एक गणित आहे. समजा, एका विक्रेत्यास दैनिकाचा अंक चार रुपयांना पडतो, तो पाच रुपयांना विकतो, न खपलेले अंक कार्यालय परत घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची रद्दी अंकामागे एक रुपयाने जाते. अंक कमी पडला तर त्याचा एक रुपयाचा नफा बुडतो. अंक शिल्लक राहिला तर तीन रुपयांचा तोटा होतो. उद्या किती गिऱ्हाइके येतील हे त्यास ठाऊक नाही. पण दोन्ही चुकांची किंमत त्याला पक्की ठाऊक आहे. अशा स्थितीत, सर्व अंक विकले जाण्याची शक्यता चारांत तीन असेल इतकेच अंक आणणे, हेच त्याच्या हिताचे ठरते. याचा अर्थ असा की चार दिवसांपैकी तीन दिवस त्याच्याकडून कोणी ना कोणी रिकाम्या हाताने परत जाणार, आणि तरीही तो विक्रेता ना मूर्ख असेल ना लबाड. तो केवळ आपला हिशेब बरोबर करीत असेल. नफा थोडा, शिल्लक मालाचा तोटा मोठा आणि मागणी अज्ञात, अशी त्रयी जेथे एकत्र येते तेथे टंचाई हा अपवाद नसून शिरस्ता असतो.

निन्टेन्डोची २०१६ मधील परिस्थिती अशीच होती. ‘वी यू’ हा तिचा चालू कन्सोल सपशेल पडला होता. ‘स्विच’ हा नवा कन्सोल मार्च २०१७ मध्ये यावयाचा होता. मधल्या नाताळात दुकानांच्या फळ्या रिकाम्या राहू नयेत एवढ्यापुरतीच ही छोटी प्रतिकृती काढण्यात आली असावी असे मानण्यास जागा आहे. तीस वर्षांपूर्वीच्या खेळांसाठी किती लोक साठ डॉलर मोजतील, हे सांगण्यास पूर्वीचे कोणतेही तुल्य उदाहरण नव्हते. शिवाय तेच खेळ संगणकावर नकलयंत्रणेच्या साहाय्याने, बहुधा बेकायदा पण फुकट, खेळता येतात हे सर्वश्रुत होते. अशा वेळी ज्याने सावधपणा केला त्यास दोष देण्यापूर्वी, ज्याने सावधपणा सोडला त्याचे काय झाले तेही पाहावे. निन्टेन्डोचे यश पाहून सोनी कंपनीने ३ डिसेंबर २०१८ रोजी आपल्या पहिल्या प्लेस्टेशनची तशीच प्रतिकृती सुमारे १०० डॉलर किमतीस बाजारात आणली. तिच्यातील वीस खेळांपैकी नऊ खेळ युरोपातील दूरदर्शन-पद्धतीचे, म्हणजे मुळापेक्षा संथ चालणारे होते; परीक्षणे प्रतिकूल आली, माल दुकानांत पडून राहिला, त्याच महिन्याअखेर किंमत साठ डॉलरवर आली आणि पुढील वर्षी ती चाळीस डॉलरच्याही खाली घसरली. त्या यंत्रासाठी कोणालाही रांग लावावी लागली नाही, आणि त्या अतिरिक्त मालाचा भुर्दंड उत्पादकाला व दुकानदारांना सोसावा लागला. येथे या सर्व प्रश्नाचे मर्म आहे. अंदाज जास्त झाला तर दंड विकणारा भरतो. अंदाज कमी झाला तर दंड घेणारा भरतो, कधी वेळेच्या रूपाने, कधी मनस्तापाच्या, तर कधी काळ्या बाजारातील चढ्या भावाच्या. अंदाज करण्याचा अधिकार मात्र दोन्ही वेळा विकणाऱ्याच्याच हाती असतो.

येथे एक शंका उपस्थित होईल. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा जगप्रसिद्ध खेळ मुळात अवघ्या चाळीस किलोबाइटांचा. असे तीस खेळ क्षणार्धात कितीही वेळा नकलून घेता येतात. मग तुटवडा कशाचा? तुटवडा खेळांचा नव्हताच. तो पेटीचा होता. त्या पेटीत एक प्रक्रियक चिप, एक स्मृतिचिप, मुद्रित पट्टी, प्लास्टिकचे कवच, नियंत्रक आणि तार एवढे जिन्नस असतात, आणि त्यांतील प्रत्येकाची मागणी कारखान्यांकडे कित्येक महिने आधी नोंदवावी लागते, जुळणीसाठी कारखान्यात पाळी मिळवावी लागते, व तयार माल जहाजाने समुद्रापार न्यावा लागतो. नोव्हेंबरात रांगा पाहून वाढीव उत्पादनाचा हुकूम सोडला तरी त्याचे फळ नाताळ उलटून गेल्यावरच हाती येणार. म्हणजे पहिल्या नाताळातील टंचाई ही उन्हाळ्यात केलेल्या अंदाजाची अटळ परिणती होती, आणि तेवढ्यापुरते उत्पादकास निर्दोष मानण्यास हरकत नाही.

दुसरी शंका अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुचते ती अशी की, मागणी इतकी होती तर कंपनीने सरळ किंमतच का वाढविली नाही? जो अधिक देईल त्याला वस्तू मिळेल, आणि दलालाच्या खिशात जाणारा पैसा उत्पादकाच्या पदरात पडेल. या प्रश्नाचे उत्तर डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात सापडते. बर्फाचे वादळ झाल्यावर सकाळी दुकानदाराने बर्फ उपसण्याच्या फावड्याची किंमत पंधरा डॉलरवरून वीस केली तर ते योग्य की अयोग्य, असे त्यांनी लोकांना विचारले. त्यावर ८२ टक्के लोकांनी ते अयोग्य ठरविले. अडचणीचा फायदा घेणाऱ्यास गिऱ्हाईक विसरत नाही, हे जाणणारा व्यापारी किंमत स्थिर ठेवतो आणि टंचाईचा रोष पत्करतो. कारण तो रोष विरून जातो, पण अप्रामाणिकपणाचा शिक्का पुसला जात नाही. मात्र किंमत खाली धरून ठेवल्याने फरकाची रक्कम नाहीशी होत नाही; ती मध्यस्थाकडे जाते. मुंबईच्या चित्रपटगृहांबाहेर तिकिटे ‘ब्लॅक’ने विकली जात, त्यामागे हेच गणित होते.

२०१७ साली या व्यवहारात आगाऊ नोंदणीचा एक नवा अंक जोडला गेला. ‘सुपर निन्टेन्डो’ची, म्हणजे ‘सुपर फॅमिकॉम’च्या अमेरिकी अवताराची, प्रतिकृती, एकवीस खेळांसह, २९ सप्टेंबर रोजी ८० डॉलरच्या आसपास किमतीस येणार असे २६ जून रोजी जाहीर झाले, त्यांतील ‘स्टार फॉक्स २’ हा खेळ वीस वर्षांपूर्वी तयार होऊनही कधी प्रसिद्ध झालेला नव्हता, त्यामुळे उत्सुकता पराकोटीस पोचली. विसार देऊन वस्तू राखून ठेवण्याची पद्धत आपल्या बाजारपेठांना शतकानुशतके परिचित आहे, आणि तिचा आत्मा असा की एकदा विसार स्वीकारला म्हणजे विक्रेताही बांधला जातो. अमेरिकेत मात्र वॉलमार्टने जुलैमध्ये एका रात्री नोंदणी स्वीकारली, आणि पुढे काही दिवसांतच, तांत्रिक बिघाडामुळे ती अकाली उघडली गेली असे सांगून सर्व मागण्या रद्द केल्या. पुढे ऑगस्टच्या २२ तारखेस इतर मोठ्या दुकानांनी नोंदणी उघडली, तीही पूर्वसूचना न देता, मध्यरात्र उलटल्यावर, एकेकाने निरनिराळ्या घटकेस. आणि काही मिनिटांत ती बंदही झाली. जो माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जावयाचे म्हणून झोपला होता त्याला सकाळी कळले की आपण शर्यतीत हरलो आहोत, आणि शर्यत केव्हा सुरू झाली हेदेखील आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

झोप न लागणारे स्पर्धकही त्या शर्यतीत होते. दर काही क्षणांनी दुकानाचे पृष्ठ तपासणारा, माल दिसताच तो टोपलीत टाकणारा आणि नाव, पत्ता, पतपत्राचा क्रमांक निमिषार्धात भरून मोकळा होणारा संगणकीय कार्यक्रम, ज्याला तिकडे व आताशा इकडेही ‘बॉट’ म्हणतात, तो पुनर्विक्री करणाऱ्यांच्या हाती होता. अमेरिकेने डिसेंबर २०१६ मध्ये अशा बॉटांविरुद्ध कायदा केला, पण तो केवळ कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता. किरकोळ विक्रीच्या मालालाही तो लागू करावा म्हणून मांडलेले विधेयक २०१८, २०१९ आणि २०२१ साली काँग्रेसपुढे आले, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

मराठी वाचकाला या संदर्भात पुण्याच्या आकुर्डी येथील कारखान्यात तयार होणाऱ्या ‘चेतक’ स्कूटरची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तिच्यासाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत, आणि हाती आलेली जुनी स्कूटर नव्या स्कूटरहून चढ्या भावाने विकली जात असे. तेथे उत्पादनाची मर्यादा परवाना देणाऱ्या सरकारने घातलेली होती, येथे ती कंपनीने आपणहून घातली. हा भेद मोठा आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा भेद निराळाच आहे. स्कूटरची नोंदणी करणाऱ्याच्या हाती एक क्रमांक असे. तो क्रमांक दूरचा असला तरी खरा असे, आणि त्याच्या आधारे मनुष्य धीर धरू शकत असे. २०१७ च्या गिऱ्हाइकाजवळ क्रमांक नव्हता, वेळापत्रक नव्हते, आणि एकंदर माल किती येणार आहे याची वार्ताही नव्हती.

यावर उपाय नाहीत असे नाही. व्हॉल्व या कंपनीने जुलै २०२१ मध्ये आपल्या हातात धरावयाच्या यंत्राची नोंदणी सुरू करताना पाच डॉलर विसार घेतला आणि पहिले दोन दिवस जुन्या गिऱ्हाइकांनाच प्रवेश दिला. त्यामुळे रातोरात बनावट खाती उघडणाऱ्यांचा मार्ग बंद झाला. स्वतः निन्टेन्डोने २०२५ साली ‘स्विच २’साठी जपानात सोडतीचा अवलंब केला आणि अर्जदाराने पूर्वीच्या यंत्रावर किमान पन्नास तास खेळलेले असावे अशी अट घातली, अर्ज सुमारे २२ लक्ष आले, आणि अनेकांची निराशा होणार हे अध्यक्ष शुनतारो फुरुकावा यांनी सोडतीपूर्वीच जाहीरपणे सांगून टाकले. सोडतीने मालात एका नगाचीही भर पडत नाही, पण हरलेल्यास निदान न्याय झाला असे वाटते. तिसरा मार्ग ॲनालॉग या छोट्या कंपनीचा. जुनी काडतुसे चालविणाऱ्या तिच्या ‘पॉकेट’ या यंत्राची पहिली नोंदणी ऑगस्ट २०२० मध्ये काही मिनिटांत आटोपली आणि यंत्रे हाती पडण्यास डिसेंबर २०२१ उजाडला. परंतु त्याच महिन्यात दुसरी नोंदणी उघडताना कंपनीने संख्येची मर्यादाच काढून टाकली आणि मागणाऱ्यांची गटवार विभागणी करून कोणत्या गटाला साधारण केव्हा माल मिळेल हे आधीच सांगितले. येथे वाट पाहावी लागते, दीर्घकाळ पाहावी लागते. पण मागणी आधी आणि उत्पादन नंतर असा क्रम लागल्यामुळे अंदाजाचीच गरज उरत नाही.

तेव्हा गिऱ्हाइकांच्या तक्रारीचा निवाडा तीन कलमांत करावा लागेल. पहिल्या वर्षी माल कमी पडला, हा दोष नव्हे. तो अज्ञात मागणीपुढे केलेला शहाणपणाचा हिशेब होता. मागणी सिद्ध झाल्यावर पुरवठा थांबविला, हा कंपनीच्या सोयीचा निर्णय होता आणि तो चुकीचा होता हे तिने आपल्या कृतीनेच कबूल केले. कारण सप्टेंबर २०१७ मध्ये तिने यंत्र परत आणण्याचे जाहीर केले, २९ जून २०१८ पासून ते पूर्वीच्याच किमतीस मिळू लागले, आणि एनपीडीच्या मोजणीप्रमाणे त्या महिन्यात अमेरिकेत नगांच्या संख्येने सर्वाधिक खपलेला कन्सोल तेच ठरले. सप्टेंबर २०१८ अखेर दोन्ही प्रतिकृती मिळून एक कोटीहून अधिक नग विकले गेले होते. तिसरे कलम सर्वांत गंभीर आहे: किती नग येणार, नोंदणी केव्हा उघडणार, माल संपला तर पुन्हा येणार की नाही, ही माहिती दडवून ठेवण्यास ना चिपांचा तुटवडा कारण होतो, ना जहाजांचा विलंब. ते केवळ औदासीन्य आहे. सेगा कंपनीने २०२२ साली आपल्या दुसऱ्या छोट्या ‘मेगा ड्राइव्ह’च्या वेळी, चिपांच्या टंचाईमुळे उत्तर अमेरिकेसाठी पूर्वीच्या एक दशांशच नग उपलब्ध होतील असे उघड सांगितले होते, म्हणजे सांगावयाचे ठरविले तर सांगता येते.

वाचकांपैकी ज्यांना अशा एखाद्या वस्तूचा मोह पडेल त्यांनी पहिल्या महिन्यात मध्यस्थाला तिप्पट किंमत देण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे की, २०१७ साली लिलावात दोनशे डॉलर मोजणाऱ्याला मिळालेले यंत्र आणि २०१८ साली दुकानात साठ डॉलरला मिळालेले यंत्र यांत तिळमात्र फरक नव्हता. क्वचित एखादी वस्तू खरोखरच परत येत नाही. पण ती परत येईल की नाही हे सांगण्याचे उत्तरदायित्व विकणाऱ्याचे आहे, आणि जो ते पार पाडीत नाही त्याच्या दारी मध्यरात्री रांग न लावणे हेच गिऱ्हाइकाच्या हाती असलेले सर्वांत परिणामकारक हत्यार आहे.